मुसाफिराची झोप

रमजानच्या महिन्यात ट्रकवर जाणाऱ्या माणसाला ढाब्यावर, गोदामात, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात एकच प्रश्न विचारला जातो : "भाईजान, एवढ्या लांबच्या गाडीवर रोजा कसा जमतो?" विचारणारा कधी हिंदू मित्र असतो, कधी मालक, कधी शेजारच्या गाडीचा चालक. प्रश्नात आपुलकी असते. पण रात्री गाडी चालवणाऱ्याला विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे : "दिवसा झोप किती झाली?"

खाण्यापिण्याच्या बाजूने पाहिले तर रात्रपाळीच्या चालकाचा रोजा तसा सोपा वाटतो. रोजा पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत असतो. मगरिबच्या अजानला खजूर आणि पाण्याने रोजा सोडला की पहाटेच्या सहरीपर्यंत खायला-प्यायला मोकळीक असते. म्हणजे गाडी चालवताना पोटात अन्न असते, हाताशी पाण्याची बाटली असते. त्याची खरी कसोटी उजाडल्यावर सुरू होते.

धुळ्याहून भिवंडीला जाणारी गाडी घ्या. इफ्तार झाला, नमाज झाली, माल बांधून गाडी रात्री दहाच्या सुमारास निघाली. नाशिक मागे टाकून घोटी-इगतपुरीच्या आसपास एखाद्या ढाब्यावर सहरी. रोजाची नियत करायची आणि कसारा घाट उतरायचा. फजरची नमाज वाटेतल्या मशिदीत किंवा पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात. सकाळी गोदामापुढच्या रांगेत गाडी लावायची. आता झोपावे, तर रांग पुढे सरकते. पाठीमागचा हॉर्न मारतो, बिल्टी मागायला कुणी काच वाजवतो, मग हमाल येतात. उन्हाने केबिन तापते. माल खाली व्हायला दुपार होते, परतीचे भाडे मिळायला संध्याकाळ होते. चोवीस तासांत तुकड्या-तुकड्यांनी दोन-तीन तास डोळा लागलेला असतो. इफ्तारनंतर पुन्हा किल्ली फिरवायची वेळ येते. असे तीस दिवस.

पोटाला भूक लागते तेव्हा ते सांगते, आणि माणूस ती सहन करतो. झोपेचे तसे नसते. शरीराला आतले एक घड्याळ असते आणि ते उजेड-अंधारावर चालते. रात्री साधारण दोन ते पहाटे पाचपर्यंत हे घड्याळ शरीराला सर्वांत मंद करते. तशीच, पण कमी जोराची सुस्ती दुपारी दोन ते चारच्या दरम्यान येते. वर्षानुवर्षे रात्रपाळी केली तरी बहुतेकांचे हे घड्याळ उलटे होत नाही. म्हणूनच "आपल्याला सवय आहे" हे मुरलेल्या चालकाचे बोलणे अर्धेच खरे असते. त्याला जागण्याची सवय झालेली असते, जागरणाचा परिणाम मात्र चुकत नाही. रमजानमध्ये सहरी नेमकी याच मंद वेळेच्या शेवटी येते. भरल्या पोटी घाट उतरायचा असतो.

डुलकी सांगून येत नाही. थकलेल्या माणसाचा मेंदू दोन-तीन सेकंद बंद पडतो, डोळे कधी उघडेही असतात, आणि नंतर त्याला ते आठवतही नाही. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तीन सेकंदांत 50 मीटर पुढे गेलेली असते. पुढे दुचाकीवर कोण आहे, रस्ता ओलांडणारे कोण आहे, त्यांचा धर्म कोणता, हे त्या 50 मीटरमध्ये कुणी पाहत नाही.

1997 साली ऑस्ट्रेलियात झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात दिसून आले, की सलग 17 तास जागा असलेला माणूस 100 मिलिलिटर रक्तात 50 मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसासारखा वागू लागतो. 24 तास जागरण झाले तर हे प्रमाण जवळपास दुप्पट होते. आपल्याकडे कायद्याने वाहन चालवताना 30 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. म्हणजे सकाळी नऊला उठलेला आणि रात्री दोनला स्टिअरिंगवर असलेला माणूस, ज्याने आयुष्यात दारूला हात लावलेला नाही, तो हात-डोळ्यांच्या चपळाईत त्या मर्यादेच्या पलीकडे गेलेला असू शकतो. फरक इतकाच, की दारू नाक्यावरच्या यंत्रात दिसते आणि जागरण दिसत नाही. नशेपासून कटाक्षाने दूर राहणाऱ्या रोजेदाराने या तुलनेवर जरूर विचार करावा.

मग रात्रीच गाडी का चालवायची? चालकाने ती वेळ हौसेने निवडलेली नसते. मोठ्या शहरांत दिवसा अवजड गाड्यांना ठरावीक वेळी प्रवेशबंदी असते. भाजीपाल्याची गाडी पहाटे बाजारात पोहोचली नाही तर मालाचा भाव जातो. उन्हात टायर तापतात, रात्री रस्ता मोकळा मिळतो. पगार बहुतेक ठिकाणी फेरीवर ठरतो, झोपेच्या तासांवर नाही. पूर्वी नॅशनल परमिटच्या गाडीवर दोन चालक असण्याची अट होती, ती 2018 साली काढली गेली. आता अनेक गाड्यांवर एकटा माणूस असतो. त्याच्या शेजारी "अरे, डोळा लागतोय तुझा" म्हणणारेही कुणी नसते.

संसदेने 1961 साली मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा केला, तेव्हाच दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तास काम, पाच तासांनंतर किमान अर्धा तास विसावा आणि दोन दिवसांच्या कामामध्ये सलग नऊ तास विश्रांती असे तत्त्व मान्य केले होते. पण तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायांसाठी होता आणि आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालकच जास्त. चालकाला झोप लागते हे देशाला साठ वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. त्या झोपेची जबाबदारी मात्र अजून त्याच्या एकट्याच्या खांद्यावर आहे.

इस्लामने मुसाफिराचा, म्हणजे प्रवाशाचा, विचार यापेक्षा अधिक बारकाईने केला आहे. प्रवासात चार रकातींची फर्ज नमाज दोन रकातींची होते. रोजांचा आदेश कुरआनच्या सूरह बकरात ज्या आयतींत (184 आणि 185) आला आहे, तिथेच आजारी माणसाला आणि प्रवाशाला राहिलेले रोजे इतर दिवशी पूर्ण करण्याची मुभा दिली आहे, आणि अल्लाहला माणसांसाठी सोपेपणा हवा आहे, अडचण नको, असे कारणही दिले आहे. ही सवलत कुणी नंतर शोधलेली पळवाट नाही, मूळ आदेशाचाच तो भाग आहे.

हदीसमध्ये एक प्रसंग येतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यासोबत काही जण कडक उन्हात प्रवासाला होते. काहींनी रोजा ठेवला होता, काहींनी नव्हता. मुक्कामावर पोहोचताच रोजेदार थकून पडले. ज्यांचा रोजा नव्हता त्यांनी तंबू उभारले, जनावरांना पाणी पाजले. तेव्हा प्रेषितांनी सांगितले, की आजचे पुण्य रोजा नसलेल्यांनी मिळवले. इबादतीत रात्रंदिवस स्वतःला झिजवणाऱ्या एका तरुण अनुयायाला त्यांनी समजावले होते, की शरीराचाही माणसावर हक्क असतो, डोळ्यांचाही असतो. ट्रकच्या काचेवर मालक काहीही लिहून घेवो, चालकाने मनावर कोरून ठेवावी अशी ही शिकवण आहे.

तरीही अनेक चालक सवलत घेत नाहीत, कारण त्यांना लोकांची भीती वाटते. ढाब्यावर पाणी पिताना कुणी ओळखीचा दिसला की "काय, रोजा नाही?" हा सवाल येतो. मग माणूस गाडीआड जाऊन पाणी पितो, नाहीतर झोपेचा अंदाज चुकवून रोजा रेटतो. प्रवासात रोजा ठेवलाच पाहिजे असेही नाही आणि सोडलाच पाहिजे असेही नाही. ज्याला झेपतो त्याने ठेवावा. ज्याची झोप झाली नाही, त्याने सवलत घेतली तर ती ईमानची कमतरता मानू नये. राहिलेले रोजे हिवाळ्यातल्या लहान दिवसांत, घरी असताना पूर्ण करता येतात. अंतर किती, निघण्याची वेळ कोणती, असे बारकावे आपापल्या मौलानांना विचारावेत, आणि मौलानांनीही रमजान लागण्याआधीच्या जुम्याला चालकांसाठी हे मोकळेपणाने सांगावे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय गाडीवर रोजा ठेवू नये. साखर एकदम उतरली तर समोरचे अंधारते.

जे रोजा ठेवून रात्रपाळी करतात त्यांच्यासाठी काही गोष्टी उपयोगाच्या आहेत. इफ्तारला भजी-समोशांचा मारा न करता खजूर, फळे, मग साधे जेवण घ्यावे आणि शक्य असेल तर गाडीवर बसण्यापूर्वी तास-दीड तास झोपावे. पाणी सहरीच्या वेळी एकदम न पिता रात्रभर थोडे-थोडे प्यावे. सहरी पोटभर पण हलकी असावी. भाकरी, डाळ, दही, अंडी पुरतात, बिर्याणी घरच्या दिवसासाठी ठेवावी. जांभया सुरू झाल्या, मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते आठवेना, गाडी पट्टा सोडू लागली, की समजावे, आता वेळ संपली. गाणी मोठ्याने लावणे, काच खाली करणे, तोंडावर पाणी मारणे, गुटख्याची पुडी यांनी काही मिनिटे निभतात, झोप भरून निघत नाही. जागे राहण्याच्या गोळ्या तर मागून दुप्पट वसुली करतात.

साध्या उपायाला वीस मिनिटे लागतात. ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर गाडी लावावी, एक कप कडक चहा घ्यावा आणि लगेच वीस मिनिटांचा गजर लावून आडवे व्हावे. चहाचा असर व्हायला तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे उठताना डुलकीचा आणि चहाचा असा दोन्हींचा आधार मिळतो. उठल्यावर पाच-दहा मिनिटे चालावे, मगच किल्ली फिरवावी. गाडी रस्त्याच्या कडेला मात्र उभी करू नये. अंधारात उभा ट्रक मागून येणाऱ्या दुसऱ्या पेंगलेल्या माणसासाठी भिंत ठरतो.

पण एवढे सगळे चालकाने केले तरी दिवसाची झोप त्याच्या हातात नसते. ती बाकीच्यांनी द्यायची असते. रमजानमध्ये गोदामवाल्यांनी रात्र काढून आलेल्या गाडीला टोकन द्यावे, म्हणजे रांगेत डोळे ताणून बसावे लागणार नाही. मालकाने सकाळी पोहोचलेल्या चालकाला त्याच रात्री पुन्हा लांबच्या फेरीवर पाठवू नये. या एका महिन्यात जोडीला दुसरा चालक दिला तर त्याचा खर्च एका अपघातापेक्षा नक्कीच कमी होईल. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे. ते चांगलेच झाले, पण रस्त्यावर अजून जुन्याच गाड्या जास्त आहेत. त्यांच्यासाठी सावलीची जागा आणि पंखा तरी हवा.

घरातही तेच. ज्या दिवशी चालक घरी झोपतो, त्या दिवशी खिडकीला जाड पडदा, फोन दुसऱ्या खोलीत आणि दारावर येणाऱ्याला हळू आवाजात उत्तर मिळाले पाहिजे. घरातल्या बाया हे वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. मुलांना गप्प बसवणे, मिक्सर नंतर लावणे, पाहुण्यांना परत पाठवणे, हेही रस्त्यावरच्या कुणाच्या तरी जिवाची राखण आहे. गल्लीनेही थोडे ऐकावे. दुपारचा स्पीकर कुठल्याही मंडपावरचा असो, तो रात्रपाळीच्या माणसाच्या कानावरच वाजतो. त्यात ट्रकचालक आहे, पॉवरलूमचा कामगार आहे, एसटीचा ड्रायव्हर आहे, नर्स आहे.

वाटसरूला निवारा देणे ही या मातीची दोन्हीकडची रीत आहे. शेरशाह सुरीने मोठ्या रस्त्यांवर ठिकठिकाणी सराया बांधल्या आणि अहिल्याबाई होळकरांनी देशभर धर्मशाळा, विहिरी, घाट उभारले. त्या काळचा वाटसरू पायी किंवा बैलगाडीने जाई, आजचा वाटसरू दहा चाकांच्या गाडीवर आहे. रमजानमध्ये हायवेलगतच्या कित्येक गावांत रोजेदारांसाठी इफ्तारची व्यवस्था होते. त्याच ताकदीने मशिदीच्या वापराविना पडून असलेल्या खोलीत, मंगल कार्यालयाच्या ओसरीवर किंवा मंदिराच्या भक्तनिवासात चार चटया टाकून दिवसा दोन-तीन तास शांत झोपायची सोय झाली, तर तो सदकाही ठरेल आणि पुण्यकर्मही. चटईवर झोपणाऱ्याचा रोजा आहे की नाही, तो नमाजी आहे की वारकरी, हे विचारायची गरज नाही.

रमजानमध्ये सब्र शिकायचे असते. भुकेवर, रागावर, जिभेवर सब्र ठेवता येतो; झोपेवर ठेवलेला सब्र मात्र कुठल्यातरी वळणावर दुसऱ्याच्या जिवावर बेततो. माल उशिरा पोहोचला तर दोन शिव्या ऐकाव्या लागतात आणि त्या विसरल्या जातात. म्हणून या महिन्यात चालक मित्राला इफ्तारचे आमंत्रण जरूर द्यावे, आणि जेवण झाल्यावर गप्पांसाठी थांबवून न ठेवता त्याला एक उशी द्यावी.