ही उडती तबकडी नाही

चहूकडून जाळ्या लावलेली बंदिस्त शेड. तिच्यात एक ओबडधोबड यंत्र जमीन सोडून वर उठतं. त्याला ना पंख, ना पाती. अंगावरच्या तोट्यांतून ज्वाळांचे झटके बाहेर पडतात, मशीनगनसारखा तडतडाट होतो आणि ते हवेत थरथरत उभं राहतं. जरा बाजूला सरकतं, पुन्हा सावरतं. हा व्हिडिओ पाहून कुणी परग्रहावरचं यान म्हणतं, कुणी माणसं मारणारा रोबो. दोन्ही चूक.

हे यंत्र अमेरिकेच्या क्षेपणास्त्रविरोधी संरक्षणासाठी लॉकहीड मार्टिन कंपनीने बनवलं. प्रकल्पाचं नाव ‘मल्टिपल किल व्हेइकल’. २ डिसेंबर २००८ रोजी कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाई तळावर ते असं तरंगवून पाहिलं गेलं.

त्याची खरी जागा वातावरणाच्या वर, पोकळीत. तिथे हवेचा अडसर नसतो, त्यामुळे अण्वस्त्राचं जड टोक आणि त्याच्यासोबत सोडलेले हलके फसवे फुगे एकाच वेगाने जातात. खरं कोणतं, खोटं कोणतं, हे ओळखणं महाकठीण. म्हणून एकाच रॉकेटवरून अनेक छोटे मारेकरी सोडायचे आणि संशयित तेवढे सगळे उडवायचे, अशी ही कल्पना. मारेकऱ्यात स्फोटक नाही. सेकंदाला काही किलोमीटर वेगाने होणारी टक्करच पुरते. पोकळीत पंख कुचकामी, वळायचं तर बाजूच्या तोट्यांच्या झटक्यांनीच. ते वळणं जमिनीवर तपासायचं तर आधी गुरुत्वाकर्षणाला तोलून धरावं लागतं. तडतडाट आणि तरंगणं आलं ते इथून. खालची जाळी यंत्र झेलायला असते. ती दिसली तरी ही प्रयोगशाळा आहे, हे कळायला हवं.

चाचणी यशस्वी झाली. पुढे चारच महिन्यांनी, ६ एप्रिल २००९ रोजी, संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी हा प्रकल्प बंद करण्याची शिफारस जाहीर केली आणि तो गुंडाळला गेला. करदात्यांच्या पैशातून काय उभं राहतं आणि का मोडतं, हे विचारायची जागा हीच. ‘एलियन’ म्हणून आपण ती हातची घालवतो.

विषय परकाही नाही. २७ मार्च २०१९ रोजी ‘मिशन शक्ती’त भारताने आपलाच उपग्रह पाडला, तोही स्फोटकाने नव्हे, थेट धडकेने. त्या अस्त्राचं शेवटचं नेम साधणं याच जातीचं होतं. आपल्या पैशाने बनणारं शस्त्र आपल्याला निदान पाहून ओळखता यावं, असं मला मनापासून वाटतं.

तो व्हिडिओ पुन्हा तुमच्याकडे आला, तर पुढे धाडताना खाली एवढं लिहा: एडवर्ड्स हवाई तळ, २ डिसेंबर २००८, चाचणी यशस्वी, प्रकल्प रद्द.