चाल उसनी, शब्द स्वतःचे

१९७९ साली न्यू जर्सीमध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ नावाची तबकडी निघाली आणि न्यूयॉर्कमधल्या ब्रॉन्क्सच्या वस्त्यांमधला रॅप पहिल्यांदा जगभर पोचला. त्या गाण्यात दोन गोष्टी दुसऱ्यांच्या होत्या. खालचा ठेका आणि बेस ‘शीक’ या बँडच्या ‘गुड टाइम्स’वरून उचललेला. शीकच्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी हरकत घेतली, रचनाकार म्हणून त्यांची नावे लागली, प्रकरण मिटले. दुसरी उसनवारी शब्दांची होती. गाणाऱ्यांपैकी बिग बँक हँकने म्हटलेल्या ओळी ग्रँडमास्टर कॅझ या दुसऱ्याच रॅपरच्या वहीतल्या. आणि त्या इतक्या जशाच्या तशा उचललेल्या की कॅझने त्यांत गुंफलेले स्वतःचे टोपणनावही तसेच राहून गेले. कॅझचे नाव तबकडीवर आले नाही. आज चार दशकांनंतरही हिप-हॉपवाले ही गोष्ट कालच घडल्यासारखी चिडून सांगतात.

रॉकच्या घरात रीत वेगळी. जिमी हेन्ड्रिक्सने १९६८ मध्ये बॉब डिलनचे ‘ऑल अलाँग द वॉचटॉवर’ वाजवले, ते इतके त्याचे झाले की पुढे खुद्द डिलन आपले गाणे हेन्ड्रिक्सच्या अंगाने म्हणू लागला. निर्वाणाने नोव्हेंबर १९९३ मध्ये एमटीव्हीसाठी ‘अनप्लग्ड’ केले, त्यातल्या चौदापैकी सहा गाणी दुसऱ्यांची होती, आणि लेड बेलीच्या नावाने ओळखले जाणारे शेवटचे जुने गाणे हीच त्या मैफलीची सर्वांत मोठी आठवण ठरली. थोडक्यात, रॉकवाला दुसऱ्याचे गाणे म्हणतो तेव्हा तो मान देत असतो. रॅपवाल्याने दुसऱ्याचे शब्द म्हटले तर तो चोर. ठेका मात्र कुणाचाही घ्यावा.

दोन घरांतला हा एवढाच फरक. पण मुंबईतल्या पाश्चात्त्य संगीताचा नव्वद वर्षांचा इतिहास मला त्यातूनच उलगडतो.

१९३५ मध्ये लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला जॅझ बँड घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. मागोमाग पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. त्यांच्यामागे उभे राहून, त्यांचे ऐकून, जे तयार झाले ते बहुतेक गोव्याचे. चर्चच्या शाळांत लहानपणीच नोटेशन वाचायला शिकलेली ही पोरे. समोर कागद ठेवला की वाजवणार. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट घेऊन उभा राहिला, तेव्हा लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. कौतुक होतेच ते, पण मर्यादाही त्यातच होती. हॉटेलातल्या गिऱ्हाइकाला आर्मस्ट्राँगच हवा होता, वाझ नको होता.

वाझचा खरा सूर उमटला तो भलत्याच ठिकाणी. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, या मंडळींना चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात आणले. ‘अलबेला’त (१९५१) चिक चॉकलेट आणि त्याचे वादक पडद्यावरही दिसतात. हॉटेलात नक्कल म्हणून वाजणारा जॅझ तिथे हिंदी शब्द घेऊन गावोगावच्या लाउडस्पीकरवर गेला. शब्द आपले होताच परके संगीत घरचे झाले. वाझसारख्यांची नावे मात्र श्रेयनामावलीत सहसा आली नाहीत, ही त्या व्यवहारातली काळी बाजू.

रॉकला असा सी. रामचंद्र भेटला नाही. सत्तरच्या आसपास शिमला सिगारेटच्या नावाने देशभरच्या बँडच्या ‘बीट’ स्पर्धा व्हायच्या; १९७० आणि १९७१ च्या स्पर्धकांच्या तबकड्या आजही शौकीन हुडकत फिरतात. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांबरोबर दोन गाणी ध्वनिमुद्रित केली आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’मध्ये चक्क वाजवून गेले. मार्च १९८० मध्ये ‘पोलीस’ हा बँड येऊन गेला. बाकीची वर्षे तहान भागवायची ती कव्हरवर. परदेशातून कुणी आणलेली एक कॅसेट, तिच्या दहा प्रती, आणि कॉलेजच्या महोत्सवात डीप पर्पल हुबेहूब वाजवणारा एखादा बँड. खरा डीप पर्पल बघायला मिळेपर्यंत नव्वदचे दशक अर्धे सरले होते.

हुबेहूब हा शब्द हेटाळणीने वापरला जातो, ते मला पटत नाही. बीटल्स हॅम्बुर्गच्या दारूच्या अड्ड्यांत रात्र-रात्र दुसऱ्यांचीच गाणी वाजवत होते. हात तिथे तयार झाले. कव्हर ही तालीम आहे. धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ सुरू झाले, तिथे ही तालीम पाच-सहा हजार कानांसमोर द्यावी लागे आणि एक सूर चुकला तर ते कान माफ करत नसत. ‘रॉक मशीन’ हा बँड असाच कव्हर वाजवत मोठा झाला, १९८८ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला आणि पुढे ‘इंडस क्रीड’ झाला. पण गाणी इंग्रजीच राहिली. त्यांचाच तेवढा दोष नाही. ज्या कलेत दुसऱ्याचे शब्द म्हणून टाळ्या मिळतात, तिथे आपली भाषा शोधण्याची निकड लागत नाही. श्रोतेही ओळखीचेच मागत. मराठी रॉक बँड झाले, काही चांगले झाले, पण धार कधी लागली नाही.

रॅप इथे आला तोही आधी नक्कल म्हणूनच. १९९२ मध्ये बाबा सेहगलचे ‘ठंडा ठंडा पानी’ गाजले. ते व्हॅनिला आइसच्या गाण्यावर बेतलेले, आणि त्याचा बेस क्वीन आणि डेव्हिड बोवी यांच्या गाण्यातून आलेला. मजा होती, पण मजेपलीकडे काही नव्हते.

मग मधली वीस वर्षे गेली आणि कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये आयपॅडवर ‘आफत’ केले. पुढच्याच वर्षी अंधेरीच्या डिव्हाइनबरोबर ‘मेरे गली में’ आले. धारावीच्या मुलांनी मराठी, हिंदी, तमिळ यांची मिसळ करून स्वतःचे टोळके जमवले. ‘स्वदेशी’ या गटाने २०१९ मध्ये आरेतल्या आदिवासींचा जंगलासाठीचा झगडा ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये मांडला, एमसी मवाली मराठीत बोलतो आणि प्रकाश भोईर वारली सूर लावतात. रॉकला चाळीस वर्षांत जे जमले नाही ते रॅपला पाच वर्षांत जमले. या मुलांना गिटार घ्यायची नव्हती, खोली भाड्याने घ्यायची नव्हती, हे कारण आहेच. पण मोठे कारण कलेच्या नियमातले. एमिनेमचे शब्द चौकात म्हणून दाखवणाऱ्याला मित्रच हसतात. स्वतःचे आण म्हणतात. आणि स्वतःचे म्हणजे कुर्ल्याचे, धारावीचे, घरात बोलतो त्या भाषेतले.

महाराष्ट्राला हा व्यवहार नवा नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, त्यातल्या चाली कीर्तनातून, साक्यांतून, कानडी मुलखातून आल्या होत्या. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून मूळ गाण्याचा पत्ता दिलेला असे. उसनवारी उघड, श्रेयासकट. हा रिवाज ब्रॉन्क्सला माहीत असता तर बरीच भांडणे वाचली असती. आंबेडकरी जलशांनीही लोकांच्या ओठांवरच्या चाली घेतल्या आणि त्यांत कुणी आजवर न घातलेले शब्द घातले. म्हणून प्रत्येक रॅपरला ‘आधुनिक शाहीर’ म्हणण्याची जी टूम निघाली आहे ती मला आवडते असे नाही. शाहिराला डफ वाजवता यायचा.

रॅपची उणीव नेमकी तिथे आहे. आपल्याकडचे रॅपचे बरेचसे प्रयोग पाहवत नाहीत. पाठीमागे ट्रॅक लावलेला, त्यात याचाच आवाज आधीपासून भरलेला, आणि हा वर ओळींची शेपटे ओरडतो. १९८७ मध्ये सुरू झालेले फिलाडेल्फियाचे ‘द रूट्स’ पूर्ण बँड घेऊन हिप-हॉप वाजवतात. २००१ च्या ‘अनप्लग्ड’मध्ये जे-झीच्या मागे तेच होते आणि ती तबकडी ऐकून कुणालाही फरक कळेल. रन-डीएमसी लहानपणी एरोस्मिथच्या ‘वॉक धिस वे’चा फक्त सुरुवातीचा ढोल वापरत, पुढचे गाणे त्यांनी ऐकलेच नव्हते. १९८६ मध्ये निर्माता रिक रूबिनने ते पूर्ण म्हणायला लावले तेव्हा दोघेही कुरकुरले. गाणे अमेरिकेच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेले, मूळ गाणे दहाव्यावर थांबले होते. रॅपला कव्हरची शिस्त लागली की काय होते त्याचा हा पुरावा.

आपल्याकडे बँडवाल्यांजवळ हात आहेत आणि रॅपवाल्यांजवळ शब्द. एकत्र यायचे तर जागा हवी. रंगभवन होते, पण २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र झाले आणि कॉलेज-रुग्णालयांच्या शेजारचे ते खुले प्रेक्षागृह गप्प पडले. नियम चूक नव्हता; त्याच्या बदल्यात दुसरी जागा दिली नाही ही चूक. जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेसाठी नेरूळचे डी. वाय. पाटील स्टेडियम तीनदा भरले. तिथे हात तयार होत नाहीत, ते दोनशे खुर्च्यांच्या सभागृहात होतात. ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर, सगळीकडे महापालिकांची नाट्यगृहे आहेत. आठवड्यातली एक मोकळी दुपार या मुलांना नाममात्र भाड्याने द्यायला पालिकांचे काय जाते?

अडचण भाड्याची येणार नाही, शब्दांची येईल. कव्हरच्या काळात पोलीस यायचे ते आवाजासाठी. एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्रात राजकीय रॅपवरून तरुणांवर गुन्हे नोंदवले गेले ते शब्दांसाठी. नाटकाची संहिता आपण आजही प्रयोगाआधी परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवतो. तोच कागद उद्या कुणी सभागृहाच्या दारात रॅपरकडे मागितला, तर जागच्या जागी सुचणाऱ्या ओळींची प्रत तो आदल्या दिवशी कुठून आणणार?