दहा नगांवरून थैलीची परीक्षा

भात शिजला की नाही हे पाहायला घरातली बाई सगळे पातेले उपसत नाही. एक शीत चिमटीत दाबते आणि ओळखते. हीच युक्ती वापरून हजारो नट-बोल्ट मिनिटभरात मोजणारा काटा आता कारखान्यांतून आणि दुकानांतून दिसतो. त्याला नग मोजणारा डिजिटल काटा म्हणतात. या वेळी त्याचीच माहिती घेऊ.

'आम्हा शेतकऱ्यांना त्याचे काय?' असे कुणी विचारील. पण ठिबकचे ड्रिपर, नट, वायसर, स्क्रू असा बारीक माल थैलीतून 'इतके नग' म्हणून आपल्या घरी येतो. तो पुष्कळदा असाच तोलून मोजलेला असतो. शिवाय आपल्यापैकी कुणाचा मुलगा, कुणाचा पुतण्या मुंबईत हाच काटा चालवत असेल.

मुंबईत भायखळा, रे रोड आणि कॉटन ग्रीन यांच्या मधल्या भागात घोडपदेव आहे. घाटावरून आणि कोकणातून आलेल्या कष्टकऱ्यांनी ही वस्ती भरली. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे दिवस गेले. इथल्या न्यू हिंद गिरणीच्या जागेवर आज गिरणी कामगारांच्या घरांच्या उंच इमारती आहेत. दारुखान्याचा लोखंडबाजार जवळच. अशा भागात गावाकडचा मुलगा एखाद्या लहान गाळ्यात कामाला लागला, की थैल्या भरण्याचे काम सहसा त्याच्याकडे येते. दोन हजार वायसर हाताने मोजायचे म्हणजे कंटाळवाणे काम; मध्येच कुणी हाक मारली की आकडा विसरला! म्हणून हा काटा.

आता तो चालतो कसा ते पाहा. थाळीखाली धातूचा एक ठोकळा असतो. त्याला लोड सेल म्हणतात. वजन पडले की तो डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो. त्याला चिकटवलेल्या बारीक पट्ट्या ताणल्या जातात, त्यांतून जाणारी वीज किंचित बदलते आणि त्यावरून वजन कळते. ताण मोजणाऱ्या अशा पट्ट्यांचा शोध १९३८ साली अमेरिकेत लागला. पुढचे सारे शाळेतल्या भागाकारासारखे आहे. एकूण वजनाला एका नगाच्या वजनाने भागले की नग निघाले.

काटा चालवण्याची रीत सोपी आहे. तो सपाट, न हलणाऱ्या टेबलावर ठेवावा. पाणसळीचा बुडबुडा मधोमध आणावा. डोक्यावरचा पंखा बंद करावा, कारण वाऱ्यानेही आकडा हलतो. सुरू केल्यावर थोडा वेळ थांबून शून्य पाहावे. मग रिकामा डबा ठेवून 'टेअर'ची कळ दाबावी, म्हणजे डब्याचे वजन वजा होते. आता दहा, वीस, पन्नास किंवा शंभर नग हाताने मोजून डब्यात टाकावेत आणि तो आकडा काट्याला सांगावा. एका नगाचे वजन तो काढून ठेवतो. नंतर उरलेला माल ओतला की नग समोर दिसतात. अशा काट्यावर पुष्कळदा तीन खिडक्या असतात: एकीत वजन, दुसरीत एका नगाचे वजन, तिसरीत नग.

खरी मेख त्या पहिल्या दहा नगांत आहे. मुलाने घाईत नऊच वायसर टाकले आणि काट्याला दहा सांगितले, तर काटा वाद घालत नाही. तो प्रत्येक वायसर हलका समजतो. मग थैलीत २००० वायसर असताना तो २२२२ दाखवतो. चूक एका वायसरची, घोळ २२२ चा! घेणाऱ्याचे नुकसान, नाहीतर मालकाचे, आणि बोलणी मात्र त्या पोराला.

मोजणी बरोबर असूनही नमुना लहान असेल तर फरक पडतो. समजा, काटा एका ग्रॅमपर्यंतच वाचतो आणि एक वायसर खरोखर २.५४४ ग्रॅमचा आहे. दहा वायसर २५.४४ ग्रॅम भरतात, पण काटा २५ धरतो. त्या हिशेबाने २००० वायसर २०३५ होतात. तेच शंभर वायसरांचा नमुना घेतला, तर २५४.४ चे २५४ धरले जातात आणि आकडा २००३ येतो. म्हणून नग जितका बारीक आणि हलका, तितका नमुना मोठा घ्यावा. नमुन्यातले नग त्याच मालातले, कोरडे आणि तेल पुसलेले असावेत. दोन वेगवेगळ्या घाण्यांचा माल एकत्र करू नये. शेवटी वीस नग हाताने मोजून वर टाकावेत. आकडा बरोबर वीसने वाढला तर काम चोख झाले.

आपल्याकडे 'मापात पाप' म्हणतात ते उगाच नाही. वजनमापांचा कायदा १९५६ साली आला आणि शेर-मण जाऊन किलो आले. आज २००९ चा वैधमापन कायदा लागू आहे. व्यापारातला इलेक्ट्रॉनिक काटा दरवर्षी तपासून त्यावर सरकारी शिक्का घ्यावा लागतो. तो शिक्का जरूर पाहा. पण शिक्का वजनाची हमी देतो. नमुन्यात दहा नग टाकले की नऊ, हे शिक्क्याला कसे कळणार? तेव्हा मोठी खरेदी असेल तर दुकानदाराला नम्रपणे म्हणा, 'नमुना माझ्यासमोर मोजा.' त्यात कुणाचा अपमान नाही.

हीच रीत घरच्या बियाण्यालाही लावता येते. पूर्वी सोनार गुंजेच्या बियांनी सोने तोलत: आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. आपण उलटे करू. वजनावरून बिया मोजू. सोयाबीनच्या पोत्यातून वरून, मधून, खालून मूठमूठ बी घ्या, मिसळा आणि न निवडता १००० दाणे मोजून तोला. समजा ते १२० ग्रॅम भरले. ४५ बाय ५ सेंटीमीटरवर पेरले तर एकरी सुमारे १,८०,००० रोपे बसतात. तितक्या दाण्यांचे वजन २१.६ किलो. उगवण शंभरात सत्तर असेल तर ३१ किलोच्या आसपास बियाणे लागेल. पण दाणा ठोसर निघाला आणि हजार दाणे १५० ग्रॅम भरले, तर त्याच उगवणीला ३८ ते ३९ किलो हवे. तिथे अंदाजाने ३० किलोच पेरले, तर १,४०,००० च रोपे मिळतील. चाळीस हजार रोपांची जागा रिकामी राहील, आणि दोष मात्र पावसाला दिला जाईल.

दाणे मोजायचे काम घरातल्या शाळकरी मुलांना द्या. शंभर-शंभरचे दहा ढीग करायला सांगा, म्हणजे आकडा चुकणार नाही. हिशेबही त्यांनाच मांडू द्या. उद्या त्यातला कुणी घोडपदेवच्या गाळ्यात काट्यासमोर उभा राहिला, तर पहिले दहा नग तो दोनदा मोजील.