“पाणी नको” म्हणणाऱ्या बाजी



उन्हाळ्यात दारावर कुणी कामाने आले की आपल्या घरात आधी पाण्याची विचारपूस होते. “पानी पियो बाजी, कित्ती धूप है!” हातात फॉर्मचा गठ्ठा किंवा मोबाइल घेतलेल्या त्या बाजी हसतात आणि म्हणतात, “नको, आत्ताच घेतलं.” आपल्याला वाटते, बाजी संकोच करतात. कुणाला असेही वाटते की आपल्या घरचे पाणी त्यांना चालत नसेल. बहुतेक वेळा खरे कारण वेगळे असते. पाणी प्यायले तर लघवीला लागेल, आणि लघवीला जायचे कुठे, हा प्रश्न सकाळी घरातून निघतानाच त्यांनी सोडवलेला असतो. पाणीच प्यायचे नाही, हे त्या प्रश्नाचे उत्तर.

शाळेत शिकवताना निवडणूक, मतदार यादी, सर्वेक्षण अशी कामे मीही केली आहेत. त्या दिवसांत महिला शिक्षकांची बाटली संध्याकाळी भरलेलीच घरी परत जाते. आशाताई, अंगणवाडी सेविका, पोलिओचा डोस पाजणाऱ्या मुली, वीज मीटरचे रीडिंग घेणारे, टपाल वाटणारे, पार्सल पोहोचवणारी पोरे, सगळ्यांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच. ऑफिसात बसणाऱ्याला निदान एक दार तरी असते. ज्याचे ऑफिस म्हणजे अख्खा मोहल्ला, त्याला शंभर दारे दिसतात, पण हक्काचे एकही नसते.

येत्या जनगणनेच्या निमित्ताने हे लिहावेसे वाटले. 2027 च्या जनगणनेसाठी देशभर सुमारे 30 लाख कर्मचारी लागणार आहेत. त्यांतले खूप जण शिक्षक. पहिल्या टप्प्यात घरांची यादी होते आणि प्रत्येक घराला काही ठरलेले प्रश्न विचारले जातात. त्यातला एक प्रश्न असतो, घरात शौचालय आहे का, असल्यास कोणत्या प्रकारचे? 2011 च्या जनगणनेत याच प्रश्नावरून कळले की महाराष्ट्रात 53.1 टक्के घरांच्या आवारात शौचालय आहे, आणि देशात 46.9 टक्के. त्यानंतर स्वच्छ भारतच्या काळात घरोघर शौचालये बांधली गेली. म्हणजे आता बाजी प्रश्न विचारतील, घरवाले अभिमानाने “हो, आहे” म्हणतील, बाजी ते नोंदवतील आणि पुढच्या घरी जातील. त्यांना स्वतःला त्याची गरज आहे का, हे विचारणारा रकाना कोणत्याच फॉर्मात नाही.

यात शरीराचे काय होते ते पाहा. दर तीन-चार तासांनी लघवीला जावे, हा साधा नियम. बाईची मूत्रनलिका जेमतेम 4 सेंटिमीटरची असते, त्यामुळे जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोहोचतात. पाणी कमी आणि त्यात लघवी तुंबवून धरलेली, मग जळजळ, ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग. संसर्ग वर सरकला तर किडनीचे दुखणे. पाणी कमी पिणाऱ्याला मुतखड्याचाही धोका असतो. मे महिन्यात पाणी न पिता फिरणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे. पाळीच्या दिवसांत पॅड चार-सहा तासांनी बदलावे लागते, आणि पोटुशी बाईला तर वारंवार जावे लागते. हा त्रास फक्त बायकांचा असेही नाही. आमच्या ओळखीतल्या एका सरांना मधुमेह आहे, त्यांना तासाभराने जावेच लागते. पन्नाशी-साठीच्या पुरुषांना प्रोस्टेटचा त्रास असतो. एका सहकाऱ्याच्या पायात पोलिओचे व्यंग आहे. वाटेत सार्वजनिक संडास सापडला तरी आत उकिडवे बसता येत नाही, धरायला दांडी नसते, पायरी मात्र हातभर उंच असते. तृतीयपंथी कामगारांना तर बायकांच्या रांगेतूनही हटकतात आणि पुरुषांच्या रांगेतूनही.

शहराबाहेर हा प्रश्न अधिक कडक होतो. आपल्या मराठवाड्यातून दरवर्षी लाखो माणसे ऊसतोडीला जातात. फडात आणि कोपीवर शौचालय नाही, आडोसा नाही, पाणी लांब. 2019 मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यामागे कारणे अनेक आहेत. कामाचा खाडा परवडत नाही, उचल फेडायची असते, काही दवाखान्यांचा धंदाही असतो. पण पाळीच्या दिवसांत बदलायला जागा नाही, धुवायला पाणी नाही, सततचा संसर्ग, ही हालतही त्यात होती.

कायदा काय म्हणतो? 1948 च्या कारखाने कायद्यात शौचालय आणि मुतारीची सोय मालकाने करायची होती. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्यातही तशी तरतूद होती. पण हे कायदे कामाची एक ठरलेली जागा धरून चालत होते. कामाची जागाच जेव्हा रस्ता, शेत आणि गल्ली असते, तेव्हा जबाबदारी कोणाची हे ठरत नाही. जिथे ठरवायचे मनावर घेतले तिथे ते ठरले आहे. अमेरिकेत 1987 पासून शेतमजुरांसाठी नियम आहे. शेतात 11 किंवा अधिक मजूर असतील तर दर 20 जणांमागे एक शौचालय आणि हात धुण्याची सोय, तीही साधारणपणे पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे 400 मीटरच्या आत. उघड्या शेतात ही सोय होऊ शकते, तर आपल्या गावात आणि मोहल्ल्यात होणे अवघड नाही.

आपल्याकडेही बायकांनी आवाज उठवला आहे. मुंबईत 2011 पासून ‘राइट टू पी’ या नावाने मोहीम चालली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईकडून मात्र पैसे, हा उघड अन्याय त्यांनी मोजून दाखवला. महिलांसाठी रस्त्यांवर आणि सार्वजनिक ठिकाणी स्वच्छतागृहे उभारा, असे डिसेंबर 2015 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकांना बजावले. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सगळ्या कोर्टांच्या आवारात पुरुष, महिला, अपंग आणि तृतीयपंथी यांच्यासाठी शौचालयांची सोय करायला सांगितले.

आता आपल्या घराकडे वळू. आपला दीन या गोष्टीला लाजेची मानत नाही. तहारतशिवाय नमाज नाही, हे आपण मुलांना सर्वांत आधी शिकवतो. लघवी-शौचाची घाई लागलेली असताना नमाजला उभे राहू नये, आधी गरज उरकावी, अशी हदीस आहे. जिथे नमाजलाही थोडा वेळ थांबवले आहे, तिथे फॉर्म का थांबू नये? लोकांच्या वाटेवर आणि सावलीच्या जागी घाण करण्याची सक्त मनाई आहे. पण ज्याला दुसरी जागाच नाही तो वाट आणि सावलीच शोधणार. म्हणून नुसती मनाई सांगून आपली जबाबदारी संपत नाही, जागाही द्यावी लागते. आणि तो प्रसंग तर सर्वांना माहीत आहे. एका खेडूत अरबाने थेट मस्जिदे नबवीत लघवी सुरू केली. लोक रागाने धावले. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी त्यांना अडवले, त्याला उरकू दिले, मग पाण्याची बादली ओतायला सांगितली आणि त्या माणसाला प्रेमाने समजावले. मध्येच रोखण्याने त्याच्या शरीराला त्रास झाला असता, हे उलेमांनी याच्या खुलाशात सांगितले आहे.

घरच्या बायकांनी एवढे करावे. दारावर बाजी आली की पाणी विचारताना त्याच वाक्यात म्हणावे, “आत या, हात-तोंड धुऊन घ्या, मोरी इकडे आहे, संडास त्या बाजूला.” नुसते “काही लागलं तर सांगा” म्हटले तर कोणीही सांगत नाही. जागा दाखवावी, लोटा भरून ठेवावा, आणि घरातल्या पुरुषांनी तेवढा वेळ अंगणात जावे. बाजी कोणत्या जातीची, कोणत्या धर्माची, हे पाहू नये. पार्सलवाला पोरगा असेल तर अब्बांनी किंवा भाईंनी त्याला विचारावे. अनोळखी माणसाला घरात घेणे काही घरांत शक्य नसते, एकट्या राहणाऱ्या बाईला तर नाहीच. तिथे “समोरच्या मशिदीत सोय आहे” एवढे सांगता आले तरी पुष्कळ.

पण मशिदीत बाईसाठी सोय आहे का? बहुतेक मोहल्ल्यांत सर्वांत स्वच्छ आणि चोवीस तास पाणी असलेली जागा मशीदच असते. वुजूखाना, इस्तिंजाखाना, सगळे आहे, पण पुरुषांसाठी. ट्रस्टींना माझी विनंती आहे. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी आवाराच्या रस्त्याकडच्या बाजूला एक शौचालय वेगळ्या दाराचे ठेवा. आतून कडी, दिवा, नळ, पॅड टाकायला झाकणाचा डबा, एक कमोड, भिंतीला धरायला दांडी आणि पायरीऐवजी उतार. बाहेर मराठीत पाटी लावा, ‘महिलांसाठी व अपंगांसाठी, सर्वांना खुले’. मदरसा आणि शादीखान्यातही हे होऊ शकते. आपण पाण्याच्या टाक्या मरहूम आईवडिलांच्या सवाबासाठी बांधतो. हीही त्याच जातीची नेकी आहे.

कामाला पाठवणाऱ्या अधिकाऱ्यांनीही थोडे करावे. विभाग वाटून देताना त्या भागातली शाळा, ग्रामपंचायत, आरोग्य उपकेंद्र यांची शौचालये दिवसभर उघडी राहतील आणि चावी कोणाकडे आहे हे कागदावर लिहून द्यावे. पेट्रोल पंपावर हवा आणि पिण्याच्या पाण्याप्रमाणे स्वच्छतागृहही मोफत असते, हे कर्मचाऱ्यांना सांगावे. पोटुशी आणि आजारी कर्मचाऱ्यांना घराजवळचा विभाग द्यावा.

जनगणनेचा दुसरा टप्पा फेब्रुवारी 2027 मध्ये आहे, आणि साधारण त्याच महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात रमजान सुरू होतो. आपल्या कित्येक शिक्षिका रोजा ठेवून दारोदार फिरतील. सेहरीला तरी पोटभर पाणी प्यावे की नाही, हा विचार त्यांना पडू नये. जोहरच्या वेळी वुजूसाठी एक दार उघडे मिळावे. त्यांच्याबरोबरच्या रोजा नसलेल्या बाजींनाही ते मिळावे. त्याला अजून वेळ आहे. या जुम्याला घरातल्या पुरुषांनी हा अंक ट्रस्टींच्या हातात द्यावा, आणि बायकांनी आपल्या संडासाची तुटलेली कडी आजच दुरुस्त करून घ्यावी.