डिक्शनरी अडते, वावर नाही!

दोस्तहो, ‘आपल्याले इंग्रजी नाही जमत बाप्पा!’ हे वाक्य अमरावती-अकोल्याच्या कॉलेज कट्ट्यावर नेहमीचंच. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची पदवी घ्यायची तर अभ्यास इंग्रजीतून. मग लहानपणापासून कपाशीत वाढलेला मुलगा कपाशीच्याच तासाला गप्प बसतो. त्याला विषय येतो, भाषा अडते.

अशा वेळी कुणीतरी सल्ला देतं, ‘जाडजूड इंग्रजी कादंबरी वाच.’ तिथे विषयही परका आणि भाषाही परकी. दोन आघाड्यांवर एकदम कसं लढणार? आमचं म्हणणं उलट आहे. आधी विषय ओळखीचा घ्या.

घरी कपाशी आहे? मग गुलाबी बोंडअळीवरचा इंग्रजी मजकूर वाचा. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भात काय केलं, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. वाचताना ‘स्क्वेअर’ शब्द येईल. डिक्शनरी म्हणेल, चौकोन. पण फुलाआधी झाडाला काय लागतं हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही लगेच ओळखाल, अरे, हे तर पातं! ‘रोझेट फ्लॉवर’ म्हणजे डोमकळी, ‘फेरोमोन ट्रॅप’ म्हणजे कामगंध सापळा. वावरातून उमगलेला शब्द पाठ करावा लागत नाही.

कपाशी नसेल तर काल पाहिलेल्या क्रिकेट सामन्याचं इंग्रजी वर्णन घ्या. निकाल माहीत असला की अर्धा अर्थ आपोआप लागतो. रोज पंधरा मिनिटं पुरेत. प्रत्येक शब्दाला थांबू नका, वाक्यच अडलं तर डिक्शनरी उघडा. आणि वाचून झालं की त्याच विषयावर दोन ओळी स्वतः लिहा. चुकल्या तर चुकू द्या, त्या कुणाला दाखवायच्या नाहीत.

आपल्या अमरावतीचे वकील दादासाहेब खापर्डे इंग्रजीतून रोजनिशी लिहायचे. १९११-१२ च्या शिर्डी मुक्कामातल्या त्यांच्या नोंदी लोक आजही वाचतात. कोण भेटलं, काय बोलणं झालं, एवढंच साधं त्यांत आहे.

तेव्हा इंग्रजी येत नाही म्हणून स्वतःला ‘ढ’ ठरवू नका. अर्धं काम तुमच्या वावराने आधीच करून ठेवलंय. उरलेलं आज रात्री, एका पानापासून सुरू करा.