जुनी कादंबरी पुन्हा वाचताना काहीच आठवत नाही?

"डॉक्टर, मला मेंदूचा एमआरआय लिहून द्या."

भाईंदर पश्चिमेच्या माझ्या दवाखान्यात अडुसष्ट वर्षांच्या एक काकू येतात, बीपीच्या जुन्या पेशंट. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) कारण विचारलं तर त्यांनी पिशवीतून शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' काढून टेबलावर ठेवलं. बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली, घर आवरताना माळ्यावर सापडलं. कॉलेजात असताना दोनदा वाचलेलं, जीव टाकलेलं पुस्तक. "आता पन्नास पानं वाचली. जणू पहिल्यांदाच वाचतेय. पुढे काय होणार तेवढं ठाऊक आहे, ते तर महाभारतच आहे. पण पुस्तकातलं एक वाक्य आठवेल तर शपथ!" त्यांच्या थोरल्या बहिणीला स्मृतिभ्रंश आहे. भीती कसली होती हे वेगळं विचारावं लागलं नाही.

मी विचारलं, "तेव्हा हे कुठे बसून वाचलंत?" लगेच उत्तर आलं. गिरगावातली चाळ, गॅलरीचा कोपरा, पहाटे नळाला पाणी यायच्या आधीचा तास. पुस्तक कोणत्या मैत्रिणीचं, ते परत करायला किती उशीर झाला आणि त्यावरून झालेलं भांडणसुद्धा!

तुमचंही असंच होत असेल, तर आधी एक गोष्ट समजून घ्या. पंचेचाळीस वर्षांपूर्वी वाचलेल्या पुस्तकातले प्रसंग विसरणं हा आजार नाही. मेंदू गोदामासारखा सगळं साठवत नाही. जे पुन्हा वापरलं जात नाही त्याचा तपशील झिजतो, भावना आणि जागा मात्र टिकतात. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त निघतात. स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांना हे बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. म्हणून कथानक गेलं तरी गॅलरी राहते.

मग काळजी कधी करायची? काल वाचलेली दहा पानं आज वाचलीच नव्हती असं वाटतं आणि हे रोज होतं. तोच प्रश्न तासाभरात तीनदा विचारला जातो. स्टेशनवरून घरी यायचा नेहमीचा रस्ता चुकतो. पैशांचा हिशेब, गोळ्यांच्या वेळा यांत घोटाळे होऊ लागतात आणि ते घरच्यांच्या आधी लक्षात येतात, तुमच्या नाही. यातलं काही असेल तर दाखवायला या, आणि घरच्या कुणाला तरी सोबत आणा. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, कमी ऐकू येणं अशी उपचार होऊ शकणारी कारणं आधी शोधावी लागतात.

काकूंच्या तपासण्या केल्या. रक्त ठीक. दवाखान्यातच घेतो ती छोटी स्मरणचाचणी त्यांनी माझ्या कंपाउंडरपेक्षा बरी दिली. सापडला तो आठ वर्षांपूर्वीच्या नंबरचा चष्मा आणि उजव्या डोळ्यात सुरू झालेला मोतीबिंदू. पिवळा पडलेला कागद, बारीक टाइप आणि संध्याकाळी हॉलमधला एकच दिवा. विशीच्या डोळ्यापेक्षा साठीच्या डोळ्याला वाचायला बराच जास्त उजेड लागतो. अक्षर ओळखण्यातच ताकद खर्च झाली तर अर्थ डोक्यात कसा राहणार? "वाचनच सुटलं हो" म्हणणाऱ्या किती जणांचं वाचन खरं तर चष्म्याने सोडवलेलं असतं! (उरलेल्यांचं मोबाइलने. त्यावर मी याआधी पुरेसं बोललोय, माझी बायको म्हणते जरा जास्तच.)

एमआरआय लिहिला नाही. "नवा चष्मा करा आणि हेच पुस्तक पुरं करा," म्हणालो. वाचनाने स्मृतिभ्रंश टळतो असा दावा मी करणार नाही, आणि कुणी करून त्यासोबत गोळ्या विकत असेल तर विश्वास ठेवू नका. माझं म्हणणं वेगळं आहे. जुनी कादंबरी उघडताना आपण परीक्षेला बसल्यासारखे बसतो आणि किती आठवतं ते मोजतो. मोजायचंच असेल तर आपण किती बदललो ते मोजा.

माझंच सांगतो. रणजित देसाईंची 'स्वामी' मी बारावीच्या सुट्टीत वाचली आणि रडलो, ते रमाबाईंसाठी. दोन वर्षांपूर्वी पुन्हा वाचली. या वेळी मला माधवरावांचा आजारच दिसत राहिला. १७७२ साली थेऊरला गेले, तेव्हा वय अवघं सत्तावीस. आजार क्षय. त्याचा जंतू कॉखने दाखवला १८८२ मध्ये, त्यावरचं पहिलं प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन सापडलं १९४३ मध्ये. आज साध्या क्षयाचा सहा महिन्यांचा उपचार सरकारी केंद्रात फुकट मिळतो. आणि तरी याच वयाची मुलं "खोकला धुळीचा आहे" म्हणत दोन-दोन महिने विरार लोकलने कामाला जात राहतात आणि वजन उतरल्यावर माझ्याकडे येतात. पुस्तक मिटून मी रात्री बराच वेळ जागा होतो. सतराव्या वर्षी ही शोककथा होती, आता केस पेपर झाली होती.

'ययाति'ने तर पकडलंच. अठराव्या वर्षी मला त्या राजाची चीड आली होती. पोटच्या मुलाचं तारुण्य मागणारा बाप! आता पंचावन्नाव्या वर्षी वाचताना मध्येच लक्षात आलं की मी त्याच्या बाजूने विचार करतोय. माझा मुलगा चार मजले न थांबता चढतो आणि मी दुसऱ्या मजल्यावर मोबाइल बघायचं निमित्त काढून उभा राहतो. तेव्हा जे मनात येतं, ते फार उदात्त नसतं. "पहिल्यासारखी ताकद येईल असं काहीतरी द्या" म्हणणाऱ्या पेशंटना मी पूर्वी हसून वाटेला लावायचो. आता खुर्ची देतो आणि ऐकतो.

हे पुस्तक १९५९ साली आलं तेव्हा वि. स. खांडेकर साठीला टेकले होते, हे अठराव्या वर्षी मी पाहिलंच नव्हतं. उलट 'कोसला' १९६३ ची. नेमाडे तेव्हा पंचविशीतले, म्हणजे आज माझ्या मुलाच्या वयाचे. तेव्हा मला ते दोघेही सारखेच 'मोठे' वाटायचे.

काही पुस्तकं फसतीलही. ज्यांची वाक्यं मी वहीत उतरवून घेतली होती, अशा एका लेखकाचं पुस्तक यंदा तिसाव्या पानावर खाली ठेवलं. नाव लिहीत नाही, तुमच्यापैकी निम्मे दवाखाना बदलाल. पुस्तक पुरं केलंच पाहिजे असं काही नाही. रद्दीत मात्र घालू नका; पुढल्या दशकात आणखी वेगळं वाटेल.

काकू दोन महिन्यांनी बीपी तपासायला आल्या. 'मृत्युंजय'मध्ये कर्णाबरोबर इतरही पात्रं आपापली बाजू सांगतात, त्यात कुंतीही आहे. "तेव्हा मी कुंतीची पानं भराभर उलटली होती," त्या म्हणाल्या. "राग होता ना तिच्यावर. या वेळी तिथेच आठवडा गेला." मग थोड्या थांबून, "माझ्या आईलाही मी फार बोलले होते हो एकदा. ते आठवलं. चांगलं लख्ख आठवलं."

बीपी १३४/८२ होतं. गोळी तीच ठेवली.