दुभाष्याचा पत्ता

संगणकाला मराठी येत नाही, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. खरे पाहू जाता त्या बिचाऱ्याला इंग्रजीही येत नाही. एक आणि शून्य यांपलीकडे त्याचे अक्षरज्ञानच नाही! आपण कामे लिहून द्यावीत आणि मध्ये बसलेल्या दुभाष्याने ती त्याला समजावून सांगावीत, असा सारा व्यवहार. कामे लिहिलेल्या फायलीला त्या जगात 'स्क्रिप्ट' म्हणतात आणि दुभाष्याला 'इंटरप्रिटर'. हे दुभाषी एक नाहीत, अनेक आहेत. १९८७ साली आलेला पर्ल, १९९१ साली आलेला पायथन, शिवाय बॅश. आणि एकाची बोली दुसऱ्याला कळत नाही. मग फाइल समोर आली असता संगणकाने हाक मारायची कोणाला?

याचे उत्तर अमेरिकेत न्यू जर्सीमधील मरे हिल येथे, बेल प्रयोगशाळेत मिळाले. 'यूनिक्स' ही संगणकाची कार्यप्रणाली १९६९ साली तिथेच जन्मली. आरंभी रीत अशी होती, की चालवणाऱ्याने आधी दुभाष्याचे नाव घ्यायचे आणि मग फाइल पुढे करायची. नाव न घेता ती पुढे केली, तर 'शेल' नावाचा घरचा दुभाषी ती आपलीच समजून वाचू लागे. जानेवारी १९८० मध्ये डेनिस रिची या संशोधकाने सुधारणा जाहीर केली. फायलीच्या अगदी आरंभी '#!' ही दोन चिन्हे असली, तर त्यांच्यापुढचा मजकूर हा दुभाष्याचा पत्ता समजावा. आपण पत्राच्या माथ्यावर 'श्री' लिहितो, तसा हा त्या मंडळींचा श्रीकार! त्यातली युक्तीही पाहण्यासारखी आहे. '#' ने सुरू होणारी ओळ शेल, पर्ल, पायथन हे सारेच शेरा म्हणून सोडून देतात. तेव्हा पत्त्याची ओळ पत्ता शोधणाऱ्याने वाचावी आणि दुभाष्याने निमूटपणे ओलांडावी, असे बिनबोभाट जमून गेले.

अडचण पुढे आली. ही ओळ पुरा पत्ता मागते आणि यूनिक्सच्या वंशातली घरे काही एका नकाशावर बांधलेली नाहीत. लिनक्सवर बॅश बहुधा '/बिन' मध्ये राहतो, फ्रीबीएसडीवर '/यूएसआर/लोकल/बिन' मध्ये. मॅकवर तो '/बिन' मध्ये भेटतो खरा, पण तो २००६ सालच्या ३.२ या आवृत्तीचा म्हातारा. नव्या पिढीतला बॅश हवा असेल, तर तो वेगळा आणून दुसरीकडे बसवावा लागतो. पत्ता बरोबर, पण दार उघडणारा गृहस्थ भलताच, असाही प्रकार घडतो!

आमच्या विभागातले उदाहरण सांगतो. महाविद्यालयाचे जुने वार्षिक अंक यूनिकोडपूर्व काळातल्या फाँटात टाइप केलेले. आज ते उघडले तर मराठीच्या जागी नुसती चित्रविचित्र चिन्हे दिसतात. एका माजी विद्यार्थ्याने ती अक्षरे यूनिकोडमध्ये आणणारी पायथनची स्क्रिप्ट मोठ्या आपुलकीने लिहून पाठवली. त्याच्या लिनक्सवर ती उत्तम चाले. विभागातल्या मॅकवर मात्र उत्तर आले, 'अशी फाइल नाही.' फाइल तर डोळ्यांसमोर! आमच्या एका सहकारी बाईंनी सारे अंक हाताने पुन्हा टाइप करण्याची तयारीही सुरू केली. वस्तुतः सापडत नव्हता तो दुभाषी. ओळीत '/यूएसआर/बिन/पायथन' असा पत्ता होता आणि मॅकच्या १२.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून, त्या पत्त्यावर कोणी राहत नाही. विद्यार्थ्याने एक ओळ बदलली आणि मुलांच्या जुन्या कविता पुन्हा वाचता येऊ लागल्या.

बदललेली ओळ अशी होती: '#!/यूएसआर/बिन/एन्व्ह पायथन३'. यात पत्ता दुभाष्याचा नाही, 'एन्व्ह' नावाच्या एका लहानशा प्रोग्रॅमचा आहे. चाळीतला बिऱ्हाडकरू कोणत्या खोलीत राहतो हे पाहुण्याला ठाऊक नसले, तरी तोंडाशी बसलेल्या वाण्याला नाव सांगितले की काम होते. एन्व्ह हा तो वाणी. त्याचे स्वतःचे दुकान बहुतेक सर्व प्रणालींत त्याच जागी असते. 'पाथ' नावाची ठिकाणांची यादी घेऊन तो क्रमाने चौकशी करतो आणि त्या नावाचा जो पहिला भेटेल त्याला उठवतो.

पण वाणी झाला तरी सर्वज्ञ नव्हे. यादीत पुढे कोणी तोतया बसला असेल, तर तो त्यालाच उठवील. म्हणूनच डेबियन या लिनक्सच्या नियमावलीत, प्रणालीबरोबर येणाऱ्या पायथनच्या फायलींसाठी पुरा पत्ताच पसंत केला आहे. आपल्या घरात पुरा पत्ता आणि परगावी पाठवायचे तेव्हा एन्व्ह, हा विवेक बरा. नावही नेमके हवे. पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी संपली, तेव्हा नुसते 'पायथन' न लिहिता 'पायथन३' लिहावे. आणि फाइल विंडोजवर लिहिली असेल, तर ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह राहते. ते नावाला चिकटले, की वाणी शेपटी असलेल्या पायथनचा शोध घेत बसतो आणि तसा कोणी कुठेच नसतो!

कोणी म्हणेल, एका ओळीचे एवढे काय? पण खालच्या शंभर ओळी कितीही बिनचूक असोत, पहिली चुकली तर त्या वाचायला कोणी येतच नाही. लिहिणाऱ्याच्या यंत्रावर सारे सुरळीत चालते, म्हणून त्याला ही चूक दिसत नाही. ती दिसते घेणाऱ्याला, आणि त्याला वाटते आपल्यालाच काही कळत नाही. तेव्हा या दिवाळीत सुटीवर आलेल्या चिरंजीवांनी किंवा कन्येने घरच्या हिशेबासाठी एखादी स्क्रिप्ट लिहून दिली आणि ती तुमच्या यंत्रावर अडून बसली, तर स्वतःला दोष देण्याआधी फराळाचे ताट पुढे करावे आणि विचारावे, "बाळ, दुभाष्याचा पत्ता कोणाच्या घरचा लिहिला आहेस?"